एल्म हे झाड नव्हतं : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, सचिव आणि वर्षाचे कार्यक्रम ठरवणारी समस्त मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. माहेर कोल्हापूरचं, सासर स्विस. सासर स्विस म्हटलं की लोक चॉकलेट आणि घड्याळांबद्दल विचारतात. आमच्याकडे दोन्ही नाहीत. सासऱ्यांच्या पिढीपर्यंत गाई होत्या, आता त्याही नाहीत. राहिला आहे तो एक पत्र्याचा डबा. हे पत्र त्या डब्याबद्दल आहे आणि थोडं तुमच्याबद्दल.

तुमच्याबद्दल का, ते आधी सांगून टाकते. काही महिन्यांपूर्वी आमच्या ओळखीतले एक काका गेले. १९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर जी पहिली पिढी इकडे आली, त्यातले. मुलांनी घर विकायला काढलं, सामान उपसायला माणसं बोलावली आणि दोन सुटकेसी भरून निळे एरोग्राम, वह्या, फोटो कचऱ्याच्या कंटेनरमध्ये गेले. मला कळलं तेव्हा कंटेनर उचलून नेला होता. मुलांवर मी रागावलेली नाही. त्यांना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं, आणि न लागणाऱ्या अक्षरांचं करायचं काय हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी हा विषय एका मंडळात काढला. "वहिनी, कल्पना छान आहे, पण यंदाचा कार्यक्रम भरलाय," असं उत्तर मिळालं. म्हणून आता सगळ्यांनाच लिहिते आहे.

तर तो डबा. सासूबाईंनी तो त्यांच्या मुलीला न देता मला दिला. माझ्या नणंदेला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. डब्यात कागद होते एका लाल रुमालात बांधलेले. रुमाल उलगडला आणि मला हसूच आलं. सगळ्या रुमालभर कुयऱ्या! माझ्या आईच्या शालूवर असतात तशाच. सासूबाई म्हणाल्या, हा आमच्या मूळ मुलखातला रुमाल, ग्लार्नर ट्यूएख्ली. मी म्हटलं, असेल, पण कुयरी आमची आहे. पुढे वाचून कळलं की आम्ही दोघीही बरोबर होतो. पूर्व स्वित्झर्लंडातल्या ग्लारुस या डोंगराळ कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, एकोणिसाव्या शतकात सुती कापडावर छपाई करणारे कारखाने जोरात होते. हिंदुस्थानी आणि काश्मिरी नक्षीच्या नकला करून ते कापड तुर्कस्तानापासून जावापर्यंत विकलं जाई. कुयरी तिथवर गेली आणि त्यांच्या डोक्याला बांधायच्या रुमालावर बसली. म्हणजे सासरच्या कागदांभोवती माहेरची नक्षी, आणि हे मी लग्नानंतर वीस वर्षांनी पाहत होते.

आमच्या घरातली कथा अशी होती की आपण "पहिल्यांपैकी". ही गोष्ट इथल्या स्विस लोकांत फार मोलाची आहे, त्यामुळे थोडं थांबून सांगते. १८४० च्या दशकात ग्लारुसमध्ये हातमाग मोडीत निघत होते. कँटनने लोकांना अमेरिकेत पाठवायचं ठरवलं. १८४५ मध्ये दोघांना जमीन बघायला पुढे धाडलं. त्यांनी विस्कॉन्सिनच्या ग्रीन काउंटीत बाराशे एकर आणि शिवाय थोडं जंगल विकत घेतलं. त्यांचा निरोप येण्याची वाट न पाहता १६ एप्रिल १८४५ रोजी १९३ माणसं लिंथ कालव्यावरून बोटीत बसून निघाली. ऱ्हाइन नदी, हॉलंड, समुद्र, बाल्टिमोर, मग पुन्हा नद्या. वाटेत कोणी मेलं, कोणी दुसरीकडे वळलं. ऑगस्टमध्ये मुक्कामी पोचली ती १०८. त्या वसाहतीचं नाव न्यू ग्लारुस. आजही तिथल्या घरांना लाकडी सज्जे आहेत, खिडक्यांत लाल जिरेनियम आहेत आणि १९३८ पासून विल्हेल्म टेल या स्विस लोककथेतल्या वीराचं नाटक होत आलं आहे.

ग्रीन काउंटीतल्या ज्याला त्याला वाटतं की आपले पूर्वज त्या १०८ मध्ये होते. आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा मूळ पुरुष महाराजांबरोबर आग्र्याहून सुटलेला असतो, तसंच. डब्यातल्या कागदांनी आमची ही कथा पहिल्याच आठवड्यात पाडली. त्यात एक प्रवासाचा करार निघाला, प्रवासी दलालाच्या कचेरीचा छापील, रिकाम्या जागा शाईने भरलेला. बाझलपासून फ्रान्सच्या ल हाव्र बंदरापर्यंत रेल्वे, तिथून न्यूयॉर्कपर्यंत जहाज, सामान किती न्यायचं त्याचं वजन, आणि साल १८७०. म्हणजे पहिल्या टोळीनंतर पंचवीस वर्षांनी. नवऱ्याच्या एका चुलत भावाला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, करार दुसऱ्या कुणाचा असेल.

पण मला सांगायचं आहे ते त्या फोटोबद्दल.

जाड पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो. पांढरी भिंत, लहान खिडक्या, दारात पाच माणसं, मागे कोपऱ्यात चर्चचा टोकदार मनोरा. पाठीमागे पेन्सिलीने दोन ओळी. त्यातला "एल्म" हा एकच शब्द आणि पुढचं साल १८७९ घरात कोणालाही वाचता येई. बाकीचं नुसतं दातेरी गवत. आता एल्म हे इंग्रजीत एका झाडाचं नाव, आणि अमेरिकेत असं गाव नसेल जिथे एल्म स्ट्रीट नाही. त्यामुळे तीन पिढ्या घरात एकच अर्थ चालत आला : एल्म स्ट्रीटवरचं आपलं पहिलं घर. सासऱ्यांनी तर तरुणपणी आसपासच्या दोन-तीन गावांत एल्म स्ट्रीटवरून गाडी हळू चालवत ते घर शोधलं होतं. म्हणायचे, पाडलं असणार.

ते दातेरी गवत म्हणजे कुरेंट. जर्मन भाषेची जुनी धावती लिपी. त्यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात. 'यू' ओळखता यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक अर्धवट कंस काढतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या घरातली मोडी कागदपत्रं आठवली. आजोबांना ती वाचता येत होती, बाबांना येत नव्हती, आणि मधल्या काळात कोणाच्या लक्षातही आलं नाही की काहीतरी तुटलं. इथेही तसंच. पहिल्या महायुद्धात विस्कॉन्सिनमध्ये जर्मन बोलणाऱ्यांकडे संशयाने बघायला लागले, शाळांतून जर्मन गेली, आणि नवऱ्याचे आजोबा, जन्म १९१० चा, आपल्याच आजोबांची पत्रं न वाचता म्हातारे झाले.

कुरेंटची एक खोड आहे. लिहिणारे लोक मजकूर कुरेंटमध्ये लिहायचे, पण माणसांची आणि गावांची नावं पुष्कळदा साध्या रोमन अक्षरांत. म्हणूनच त्या दोन ओळींत एकच शब्द वाचता येत होता. तो वाचता येत होता, कारण ते नाव होतं, गावाचं. मी दोन हिवाळे ही लिपी शिकण्यात घालवले. (आता हस्ताक्षर वाचणारं ट्रान्सक्रिबस नावाचं साधन आहे. ते चांगलं काम करतं, पण पेन्सिलीच्या फिकट ओळींपुढे त्याचंही माझ्यासारखंच होतं.) मग त्या ओळी लागल्या : वडिलांचं घर, चर्चच्या बाजूने, एल्म. ग्लारुस कँटनच्या एका दरीच्या अगदी टोकाला असलेलं एल्म. त्याच्या पुढे रस्ता नाही, डोंगर आहे.

सासरे तेव्हा हयात होते. मी नकाशावर बोट ठेवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच पेट्रोल जाळलं."

गाव सापडण्याला इतकं महत्त्व का, हे स्विस माणसाला विचारावं. त्यांच्या पासपोर्टावर जन्मस्थळाच्या जागी मूळ गाव असतं, हायमाटोर्ट. माणूस जिनिव्हात जन्मला, झुरिकमध्ये वाढला, तरी पणजोबा ज्या गावचे नागरिक होते ते गाव त्याच्या नावामागे चालत येतं. सांगलीकरांच्या चार पिढ्यांनी सांगली पाहिलेली नसते, तरी ते सांगलीकर असतात, तसं. फरक इतकाच की तिथे ही गोष्ट कायद्यात आहे, आणि एके काळी त्यात पैशांचाही प्रश्न होता. माणूस कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी मूळ गावावर. म्हणून कित्येक गावांनी हिशोब करून गरिबांना जहाजाचं भाडं दिलं आणि कायमचं अमेरिकेला पाठवलं. आरगाऊ कँटनमधल्या आजच्या रोथ्रिस्ट गावाने १८५५ मध्ये एकदम ३०५ माणसं पाठवली. आपल्या पूर्वजांना "साहसी" म्हणणाऱ्या इथल्या नातेवाइकांना मी हे सहसा सांगत नाही.

अमेरिकेतल्या सरकारी कागदांत हे गाव कुठेच नसतं. १८५० पासून जनगणनेत घरातल्या, गुलाम नसलेल्या, प्रत्येकाचं नाव येऊ लागलं, पण जन्म कुठला, तर "स्वित्झर्लंड". नागरिकत्वाच्या जुन्या कागदावर लिहिलेलं असतं की हा गृहस्थ स्विस प्रजासत्ताकाशी असलेली निष्ठा सोडतो आहे. कोणत्या दरीतून, कोणत्या घरातून, ते कारकुनाला नको होतं. आणि गावाचं नाव नसेल तर स्वित्झर्लंडात शोधायला जागाच नाही, कारण १८७६ च्या आधीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ज्या त्या गावच्या चर्चच्या वह्यांत. त्यातही नावांची कमाल टंचाई. ग्लारुसचा संरक्षक संत फ्रिडोलिन, म्हणून घरटी एक फ्रिडोलिन. तोच इथे आला की फ्रेड. आपल्याकडे एका वाड्यात तीन पांडुरंग असावेत आणि तिघे अमेरिकेत जाऊन पॉल व्हावेत, मग नातवाने शोधत बसावं!

डब्यात एल्महून आलेली अकरा पत्रं आहेत, खापरपणजोबांच्या धाकट्या भावाची. पत्रं शुद्ध जर्मनमध्ये, कारण स्विस बोली बोलायची, लिहायची नाही. पण घाईत लिहिताना मधूनच बोली डोकावते. प्रत्येक पत्राची सुरुवात ठरलेली : लेखणी हाती घेऊन कळवतो की आम्ही सर्व खुशाल आहोत, तुमचीही खुशाली असावी. हे वाचताना मी कोल्हापुरात आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेशी बसलेली असे. "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम लिहीत जावे." अगदी तोच ठेका. जर्मन न कळताही ती ओळ मला ओळखू यायला लागली होती.

एका पत्रात ती ओळ नाही.

ते ऑक्टोबर १८८१ चं. एल्मच्या डोंगरात पाटीचा दगड निघायचा. शाळा सक्तीच्या झाल्या तशी युरोपभर पाट्यांची मागणी वाढली आणि लोकांनी डोंगर पायथ्याकडून पोखरत नेला. ११ सप्टेंबर १८८१, रविवार संध्याकाळ. आधी एक भाग कोसळला. मदतीला आणि बघायला लोक धावले. मग दुसरा भाग आला, आणि तिसऱ्यांदा सगळा कडाच. सुमारे एक कोटी घनमीटर दगड, शंभराहून जास्त माणसं गाडली गेली आणि बहुतेक कधीच सापडली नाहीत. शाळा सुटल्यावर थुंकीने पुसायची ती पाटी, तिच्यापायी. या पत्रात खुशाली नाही, हवापाणी नाही, पहिल्याच ओळीपासून नावांची यादी आहे. काही नावांपुढे बारीक क्रूस. एका जागी शाई फुटली आहे. पाणी पडलं असेल, किंवा नुसती ओली शाई असेल. मी तिथे काही कल्पना लढवत नाही. पत्राच्या शेवटी फक्त इतकं विचारलं आहे की तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात आलं का?

दुसऱ्या एका पत्रात एक वाक्य मला कितीतरी दिवस लागत नव्हतं. "भोकातून सूर्य चर्चवर आला, पण आईला या वेळी बाहेर आणता आलं नाही." भोकातून सूर्य? माझा तर्जुमा चुकला असं मी धरून चालले. मग कळलं की एल्मच्या वरच्या कड्याला आरपार भोक आहे, मार्टिन्सलोख. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सीमेवर, सकाळचा सूर्य त्यातून बरोब्बर गावच्या चर्चवर पडतो. हे नवऱ्याला समजावून सांगायला वेळ लागला. मला नाही लागला. मी कोल्हापूरची आहे. अंबाबाईच्या किरणोत्सवाला श्वास रोखून उभी राहिलेली आहे. वर्षातून दोनदा, ठरल्या दिवशी, किरण येणार, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायचं. त्या भावाला आई बाहेर न आणता आल्याचं का लिहावंसं वाटलं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आम्ही पुढे एकदा सप्टेंबरच्या अखेरीस एल्मला गेलो. कोल्हापुरात इमारती आड येतात, तिथे ढग आड आले.

पण ग्लारुस शहरातल्या लांडेसआर्काइव्हमध्ये, म्हणजे कँटनच्या अभिलेखागारात, आमचं काम झालं. तिथे योहान याकोब कुब्ली-म्युलर या गृहस्थाने तयार केलेल्या वंशावळी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू करून त्याने कँटनमधल्या घराण्यांच्या नोंदी एकत्र केल्या. आपल्या कुलवृत्तांतांसारखं काम, पण एका कुळाचं नाही, सगळ्या मुलखाचं. आमच्या घराण्याचं पान निघालं. बाप, मुलगे, मुली, तारखा, आणि खापरपणजोबांच्या नावापुढे एक शब्द, अमेरिका. त्यापुढे कोरा कागद. एका बाजूला त्या वहीतली कोरी जागा, दुसऱ्या बाजूला जनगणनेतला "स्वित्झर्लंड" हा मोघम शब्द, आणि दोन्हींना बांधणारं जगात काही असेल तर ते आमच्या डब्यात, कुयऱ्यांच्या रुमालात. परत आल्यावर नातेवाइकांना हे सांगितलं, तर पहिला प्रश्न आला : मग आपल्याला स्विस पासपोर्ट मिळेल का? नाही मिळणार, इतक्या पिढ्यांनंतर.

त्या गृहस्थाचं आडनाव पाहिलंत? कुब्ली-म्युलर. कुब्ली त्याचं, म्युलर बायकोच्या माहेरचं. स्वित्झर्लंडात नवऱ्याच्या आडनावाला बायकोचं माहेरचं आडनाव जोडून लिहायची जुनी रीत आहे, नवऱ्याच्याही नावाला. हे कळल्यावर मी डब्यातलं एक रिकामं पाकीट पुन्हा काढलं. त्यावर कोणीतरी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, "आपलं नाही, चुकून आलेलं". पत्त्यावर आमचं आडनाव, आडवी रेघ, आणि पुढे दुसरं आडनाव. ते दुसरं आडनाव खापरपणजीचं होतं. अमेरिकेतल्या एकाही कागदावर ते नाही. इथे ती नुसती "मिसेस", आणि दगडावर पहिलं नाव. दीडशे वर्षं तिचं माहेर त्या पाकिटावर होतं आणि घर म्हणत होतं, आपलं नाही.

माझ्या स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तिच्या शाळेच्या दाखल्यावरून. लग्नात नाव बदललेलं. साठ वर्षं आम्ही तिला दुसऱ्याच नावाने ओळखत होतो.

आता तुमच्याकडे वळते. आपल्या मंडळांतही एक १८४५ ची कथा आहे, आठ डॉलर खिशात घेऊन आल्याची. दर संमेलनात कोणीतरी ती सांगतं, आणि मी ती खोटी म्हणत नाही. पण ज्या पासपोर्टावर त्या परकीय चलनाचा शिक्का आहे, तो पासपोर्ट कुठे आहे? आईने पाठवलेला पहिला एरोग्राम कुठे आहे, आणि त्यातलं गिचमिड अक्षर वाचू शकणारी शेवटची व्यक्ती आज किती वर्षांची आहे? इथे वाढलेल्या नातवाला फोटोमागे "वडगाव" दिसलं तर तो कुठलं वडगाव धरेल? आपल्याकडे तर पाच-पन्नास आहेत.

मी संग्रहालय मागत नाही. समिती नेमू नका, समितीत कागद अजून लवकर हरवतात. गणपतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेशेजारी, एक लांब टेबल द्या आणि दोन तास द्या. आजी-आजोबांना त्यांचे पाच फोटो आणि एक पत्र घेऊन बोलवा. त्यांच्यासमोर मराठी न वाचणारी नातवंडं बसवा. आजीने बोट ठेवायचं, नातवाने फोटोच्या पाठीमागे लिहायचं : कोण, कुठलं गाव, कुठला तालुका, कुठला जिल्हा, आणि बायकांची माहेरची दोन्ही नावं. मराठीतही आणि इंग्रजीतही. मोडी वाचणारं कोणी मिळालं तर त्यांना आधी जेवायला वाढा. फोनवर फोटो काढून घ्या, पण मूळ कागद फेकू नका. आमच्या एल्मच्या ओळी स्कॅनमध्ये दिसतच नव्हत्या, फोटो खिडकीशी तिरका धरल्यावर दिसल्या. ज्यांना कागद घरात ठेवायचे नाहीत त्यांच्यासाठी राज्याच्या इतिहास संस्था असतात. आमच्याकडची, १८४६ मध्ये स्थापन झालेली विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी स्थलांतरितांचे कागद सांभाळते आहे. त्यांच्याशी बोलायचं काम मी करते.

आणि बॉलपेन नको. त्याची शाई कालांतराने पलीकडे उमटते, चेहऱ्यावर डाग पडतात. मऊ शिशाची पेन्सिल घ्यायची आणि न दाबता लिहायचं. १८७९ ची अजून टिकली आहे.

पेन्सिली मी आणेन. तुम्ही टेबलाचं बघा.

आपली,
एक सभासद
(माहेर कोल्हापूर, सासर एल्म, मुक्काम विस्कॉन्सिन)